डाव्या डोळ्याचा समुद्र

डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली आणि मला सगळ्यात आधी दिसला तो माझ्या नवऱ्याचा निळा शर्ट. तो समोरच्या स्टुलावर बसला होता, माझी पर्स मांडीवर घट्ट धरून, गावातले सगळे चोर त्या पर्सवरच टपून बसल्यासारखा. मला म्हणायचं होतं की दिसतंय, लख्ख दिसतंय, भिंतीवरच्या कॅलेंडरातले वारसुद्धा वाचता येतायत; पण तोंडातून निघालं ते भलतंच. "हा शर्ट कधी घेतलास?" "कुठला?" "हाच, अंगातला. निळा." त्यानं मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग डॉक्टरीणबाईंकडे. "पांढराच आहे हा," तो म्हणाला, आणि खोटं बोलण्यात जन्माचा कच्चा असल्यामुळे लगेच पुढे म्हणाला, "म्हणजे, होता." डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, थोडे दिवस सगळं जरा निळसरच दिसणार. आतलं जुनं भिंग पिवळं पडलेलं होतं, त्यातून बघायची सवय झाली होती. आता भिंग नवं, स्वच्छ." एरवी मला कुणी उगाच मावशी केलेलं खपत नाही, पण आपल्या डोळ्यात सुई घालणाऱ्या बाईशी नात्यावरून भांडू नये एवढी अक्कल मला आहे. मी फक्त ट्रेमधला कापसाचा एक बोळा उचलला आणि उठून त्याच्या कॉलरला लावून बघितला. आयुष्यभर रसायनशास्त्र केलेल्या बाईला असा नुसत्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. कापूस पांढरा होता. कॉलर निळी होती. चांगली, आकाशी म्हणावी अशी निळी. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले.

टॅक्सीत त्याला बोलतं करायला फार वेळ लागला नाही. कपडे धुवायचं काम आमच्याकडे माझं. स्वयंपाक त्याचा, कारण मी शिजवलेलं तो खातो पण त्यावर बोलत नाही आणि ते मला सहन होत नाही. तर गेली कितीतरी वर्षं मला त्याचे पांढरे शर्ट पिवळट दिसायला लागले होते. साबण बदलून पाहिला, पाणी बदलून पाहिलं, त्याच्या घामालाही नावं ठेवून झाली. शेवटी शेवटच्या पाण्यात नीळ घालायची जुनी पद्धत उकरून काढली. दोन थेंब घातले, पिवळटच. चमचाभर घातली, पिवळटच. दर वर्षी हात सैल सुटत गेला. "आणि तू ते घालून शाळेत जात होतास?" "जात होतो की." "कुणी काही म्हणालं नाही?" तो खिडकीबाहेर बघायला लागला. मग म्हणाला, "मुलं निळे सर म्हणायची." मला त्याच्या निरोपाचा समारंभ आठवला. मुलांनी फलकावर मोठ्या अक्षरांत 'आमचे निळे सर' लिहिलं होतं आणि मी पहिल्या रांगेत बसून अभिमानानं फुलले होते. माझी समजूत अशी की भूगोल शिकवतो, नकाशात समुद्र रंगवतो, बायको समुद्राच्या पाण्यावर संशोधन करणारी, म्हणून निळे सर. "अरे मग सांगायचंस ना!" "काय सांगायचं? तू दोरीवर शर्ट वाळत घालताना एवढी खूश असायचीस. म्हणायचीस, बघ कसे पांढरेशुभ्र निघालेत. आता त्यात मी कुठे नाक खुपसू?" टॅक्सीवाला आरशातून बघून हसला. मी नवऱ्याचा हात हातात घेतला आणि त्याच्या मनगटावर एक जोरात चिमटा काढला. दोन्ही मनापासून केलं.

घरी आल्यावर मला खिडकीपाशी बसवून तो चहा करायला गेला आणि जे करायला नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं तेच मी करत बसले. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं बघायचं. मग तो मिटायचा, पहिल्यानं बघायचं. डावा डोळा अजून जुनाच होता, त्याची पाळी पुढच्या आठवड्यात होती. डाव्या डोळ्याचं घर मधाच्या बरणीत बुडवून काढल्यासारखं, उबदार, जरासं धुरकट. भिंती मलईच्या रंगाच्या, टेबलावरचा कागद जुन्या पुस्तकातला. उजव्या डोळ्याचं घर थंड आणि उघडंनागडं. भिंतीवर डाग होते, पंख्यावर धूळ होती आणि स्वयंपाकघराच्या दारातून चहाचे कप घेऊन येणारा माणूस चांगलाच म्हातारा होता. डाव्यानं बघितला तर अजून तुकतुकीत, गव्हाळ. उजव्यानं बघितला तर हातावरच्या शिरा निळ्या, हनुवटीखालची कातडी सैल, दाढीचं एक बेट सुटलेलं. मला दोन्ही आवडले. खरं सांगायचं तर उजव्या डोळ्याचा जास्त आवडला, कारण त्याला मी बऱ्याच वर्षांत बघितलंच नव्हतं. "काय बघतेस?" "तुझी दाढी राहिलीय इथे." "रोजच राहते," तो म्हणाला. "आज दिसली."

चहा झाल्यावर मी उठून मोरीत गेले. नुसती गंमत म्हणून, खरंच. निळीची बाटली कोनाड्यात होती. काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, त्यात एक थेंब टाकला, ढवळला, मग अर्धं ओतून देऊन पुन्हा पाणी भरलं, असं करत करत पाणी फिकं करत नेलं. ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. उजवा डोळा मिटला, डाव्यानं बघितलं. पाणी नितळ. आणि माझ्या तोंडून आपोआप, सवयीनं, मोठ्यानं निघालं, "गेलं!" मग डावा मिटला आणि उजवा उघडला. पाणी निळं होतं. फिकं, पण निळं, कुणाही पोराला दिसेल असं. बाहेरून नवऱ्यानं विचारलं, "काय गेलं?" मी ग्लास धरून मोरीच्या कठड्यावर बसले.

'गेलं' हा शब्द आमच्या जहाजावरचा. तिथे आमचं काम असं चालतं. लोखंडी दोरावर बाटल्यांचं कडं बांधून खोल सोडायचं, हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची, आणि कडं वर आलं की सगळ्यांच्या आधी ऑक्सिजनचं पाणी काढायचं, कारण हवा लागली की ते बिघडतं. छोट्या काचेच्या कुपीत ते भरून त्यात दोन द्रावणं घातली की तळाशी तपकिरी गाळ बसतो. आम्ल घातलं की गाळ विरघळून पाणी पिवळं होतं. मग ब्युरेट, म्हणजे खुणांची उभी काचेची नळी, तिच्यातून थेंबथेंब द्रावण सोडायचं. पिवळं फिकं झालं की थोडा स्टार्च. त्याबरोबर पाणी एकदम गर्द निळं. पुन्हा थेंब. निळं उतरत जातं, उतरत जातं, आणि एका थेंबाला संपतं. तो थेंब ओळखायचा. बघणाऱ्यानं ओरडायचं "गेलं!" आणि शेजारच्यानं नळीवरचा आकडा वाचायचा. जेवढं द्रावण लागलं तेवढा त्या पाण्यात ऑक्सिजन होता. जहाज डुलत असतं, पोटात ढवळत असतं, वर कुणीतरी दोराला शिव्या घालत असतं, आणि आपण एका कुपीकडे असं बघायचं की जगात दुसरं काही नाहीच. मला ते फार आवडायचं. मला हे काम शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच फेरीत माझ्या हातात कुपी दिली, माझं तीन वेळा "गेलं" ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तुझा डोळा चांगला आहे, तो सांभाळ." मी त्या वाक्यावर पुढची सगळी वर्षं काढली. पोहायला मला अजून येत नाही. गुडघाभर पाण्यात माझी गाळण उडते. पण कुपीतला समुद्र माझा होता, तिथे मला कुणी हात धरायची गरज नव्हती. नवरा म्हणायचा समुद्र म्हणजे तुझं माहेर, वर्षातून एकदा बोलावणं आलं की निघालीस बॅग भरून, आणि परत आलीस की आठवडाभर माहेरचंच कौतुक. त्यानं स्वतः होडीत पाय ठेवला की तो होडी लागून हिरवापिवळा पडतो.

त्या कौतुकात सगळ्यात जास्त असायची ती रेघ. माझी रेघ. पृष्ठभागापासून बरंच खाली, उजेड संपतो त्याच्याही खाली, समुद्रात एक थर असतो जिथे ऑक्सिजन मुळातच थोडा. त्या थराच्या काठावर जगणाऱ्यांचं मला विलक्षण अप्रूप. जाळ्यातून वर येणारे ते काचेच्या अंगाचे झिंगे, ज्यांच्या पोटातलं जेवणसुद्धा बाहेरून दिसतं. बोटाएवढे काळे मासे, ज्यांच्या कुशीला दिव्यांची रांग. लालभडक जेलीफिश, जी तळहातावर घेतली की हात गार पडतो. हे सगळे काटकसरीनं श्वास घेणारे लोक. आहे तेवढ्यात भागवायचं, पळापळ करायची नाही, दिवसभर खाली पडून राहायचं आणि अंधार झाला की वर येऊन जेवून जायचं. मी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत, वर्षानुवर्षं ऑक्सिजन मोजत आले, आणि तो कमी होत गेला. सुरुवातीला वाटलं योगायोग. मग दर वर्षी ठिपका आधीच्याच्या खाली पडत गेला, आणि ठिपके जोडून रेघ झाली, आणि ती रेघ खाली उतरत गेली. थर जाड होत चाललाय, काठावरची मंडळी वर वर ढकलली जातायत, हे मी जगाला सांगितलं. दुसऱ्या कुणाकडे इतकी लांब रेघ नव्हती. लोक तिला 'बाईंची रेघ' म्हणायला लागले. परिषदांमधून मी ती दाखवत फिरले. आणि मी घरी येऊन रडायचे, खरोखरीचं. नवरा पाठीवर हात फिरवत म्हणायचा, अगं, तू मोजलंस म्हणून कळलं, तू थोडाच त्याचा श्वास काढून घेतलास. आता मोरीच्या कठड्यावर बसून मला ते वाक्य आठवलं आणि पहिल्यांदाच ते पटेना.

कारण हिशेब सरळ होता. पिवळ्या भिंगातून फिकं निळं दिसत नाही. न दिसलं तर डोळा लवकर "गेलं" म्हणणार. लवकर म्हणजे थेंबभर आधी. थेंबभर आधी म्हणजे ऑक्सिजन तेवढा कमी. आणि भिंग काही एका दिवसात पिवळं पडत नाही. दर वर्षी थोडं, आणखी थोडं. म्हणजे समुद्र होता तसाच राहिला असता, तरी माझी रेघ खाली उतरलीच असती. त्यात भर म्हणून जिथे ऑक्सिजन मुळात थोडा, तिथे एका थेंबाची चूक सगळ्यात मोठी दिसणार. मला यंत्रवाला आठवला. यंत्रवाला म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतला सहकारी, माझ्याहून बराच लहान. तो दोराला एक यंत्र बांधून सोडतो आणि ते खाली जाता जाता आपोआप ऑक्सिजन मोजत जातं. त्याची नोंद थोड्या वर्षांची, पण त्याचीही रेघ खाली जाते. फक्त माझ्याइतकी नाही, जरा बेतानं. यावरून आमचं भांडण जुनं. एकदा भरसभेत मी त्याला म्हणाले होते, यंत्राला खारं पाणी लागलं की त्याचं डोकं फिरतं, माणसाच्या डोळ्याचं तसं नसतं. टाळ्या पडल्या होत्या. तो बिचारा खाली बसला होता, आणि बाहेर आल्यावर माझ्यासाठी कॉफी घेऊन आला होता. माणूस चांगला आहे. म्हणून तर त्याच्याशी भांडायला मजा येते.

आता रसायनवाले म्हणतील, बाई, अहो कोरी चाचणी असते की. असते. मी स्वतः ती शेकडो पोरांना शिकवलीय. समुद्राचं पाणी मोजण्याआधी एक कोरं मोजायचं, ज्यात ऑक्सिजनचा प्रश्नच नाही; त्यात जो आकडा येईल तो आपल्या द्रावणांचा आणि आपल्या डोळ्याचा दोष; तो पुढे सगळ्यातून वजा करायचा. डोळा चुकत असेल तर कोऱ्यातही तितकाच चुकेल, आणि वजाबाकीत चूक निघून जाईल. देवानं दिलेली सोय आहे ती. पण कोरं त्याच डोळ्यानं करायला हवं. आणि आमच्या जहाजावर, सरांच्या काळापासून, कोरं करायचा मान नव्या माणसाचा. जो कुणी पहिल्यांदाच जहाजावर आला असेल त्यानं पहिल्या दिवशी कोरं करायचं. हात बसतो, भीती मोडते, आणि चुकलं तरी समुद्राचं पाणी वाया जात नाही. मग बाकीचे टाळ्या वाजवणार, त्याला एक गोड काहीतरी मिळणार, आणि मग पुढे सरसावून खरा समुद्र मोजणार मी. किती लाडानं पाळली होती आम्ही ही रीत. मीही पहिलं कोरं तसंच केलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा सरांचे डोळे काय वयाचे होते, हे माझ्या मनात कशाला येतंय? दर वर्षी कोरं मोजलं ते विशी-पंचविशीच्या डोळ्यांनी, आणि समुद्र मोजला तो माझ्या. वजाबाकीत पोरांची चूक जात होती. माझी जागच्या जागी राहत होती.

नवरा मोरीच्या दारात उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं, ग्लास दाखवला, थेंब, भिंग, कोरं, रेघ. त्यानं शाळेत चाळीस पोरांना एकदम समजावलंय, त्यामुळे ऐकूनही तो तसंच घेतो, शेवटपर्यंत, मध्ये न बोलता. मग म्हणाला, "म्हणजे रेघ खोटी?" "माहीत नाही." "सगळी?" "अरे, माहीत नाही म्हणते ना! थोडी, अर्धी, सगळी. काहीच असू शकतं." तो माझ्या शेजारी कठड्यावर बसला. गुडघे दुखतात त्याचे, तरी बसला. "आता हे कसं कळायचं?" आणि त्यानं विचारल्याबरोबर मला ते दिसलं, इतकं स्पष्ट की नव्या डोळ्यानंही तसं काही दिसलं नव्हतं. माझ्याकडे आत्ता, या आठवड्यापुरते, दोन डोळे होते. एक धुतलेला आणि एक तसाच, सगळी वर्षं समुद्र बघून पिवळा पडलेला. एकाच पाण्याच्या कुप्या दोघांनी मोजायच्या. जो फरक पडेल तीच माझी चूक, आजची, सगळ्यात मोठी. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई डावं भिंग काढून टाकणार, आणि मग माझ्या त्या डोळ्याला विचारायला जगात कुणीही उरणार नव्हतं. पाळी पुढे ढकला म्हणून सांगायला मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "का हो मावशी, घाबरलात?" "घाबरले नाही. मला तो डोळा हवाय." "अहो, चांगलाच होणार आहे तो." "तेच नकोय. मला खराब हवाय." त्यांनी कुरकुरत तारीख पुढे ढकलली. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

त्या दिवसांत मी कुणाशी धड बोलले नाही. बसल्या बसल्या उजवा डोळा झाकायचे आणि डाव्यानं खिडकीबाहेरचा रस्ता बघायचे. पिवळी झाडं, पिवळे लोक, पिवळं आभाळ. आतल्या आत एक हलकट आवाज म्हणत होता की नको करूस. निवृत्त होशील, रेघ भिंतीवर राहील, भिंग डॉक्टरांच्या बादलीत जाईल, कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि त्याच्याही खाली दुसरी एक भीती होती, ती जास्त जुनी. मी ज्याच्यावर इतका जीव लावला, ज्याच्या काठावरच्या त्या काटकसरी लोकांसाठी इतक्यांदा रडले, ते मला दिसलं तरी होतं का? की आयुष्यभर स्वतःच्याच डोळ्यात बघत होते आणि त्याला समुद्र म्हणत होते? हा प्रश्न मी नवऱ्यालाही विचारला. तो फक्त रोज डोळ्यात थेंब घालायला येत होता, जीभ बाहेर काढून, एकाग्र होऊन. एकदा म्हणाला, "मी निळा दिसलो म्हणून मी नव्हतोच असं थोडंच आहे." मी म्हणाले, हे काही शास्त्र नव्हे. "नव्हेच," तो म्हणाला. "वर बघ, थेंब पडतोय."

यंत्रवाल्याला मी सांगितलं तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं होतं निदान डोळे तरी चमकतील. उलट त्याचा चेहरा पडला. "बाई, कुणी सांगितलंय तुम्हाला हे उकरून काढायला?" "ते मी बघेन. तू आकडे वाचशील का?" "दुसऱ्या कुणाला सांगा ना." "दुसऱ्या कुणाला मी टोचून बोललेले नाही. तुला खोटं बोलायला कारणच नाही, म्हणून तू." तो हसला, ओशाळा, आणि खोल पाण्याचे साठवलेले कॅन काढायला गेला. एकाच कॅनमधलं पाणी, त्यातला ऑक्सिजन त्या थराइतका उतरवलेला. सगळ्या कुप्या एकसारख्या भरल्या. नवऱ्याला मी सोबत आणलं होतं, कारण डोळ्यावर पट्टी बांधली तर नव्या डोळ्याला ती रुतत होती. "पट्टी कशाला," तो म्हणाला होता, "हात आहे ना." तर तो माझ्या मागे उभा राहिला, यंत्रवाल्यानं खूण केली की हा डोळा, त्यानं तो तळहातानं अलगद झाकला. त्याच्या तळहाताला साबणाचा आणि कांद्याचा वास होता. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच आला होता तो. इतकी वर्षं माहेर कुठे आहे ते त्यानं लांबूनच ऐकलं होतं. "हलू नकोस," मी म्हणाले. "मी हलत नाहीये," तो म्हणाला, "तूच थरथरतेयस."

उजव्या डोळ्याच्या कुप्या सोप्या होत्या. निळं उतरत गेलं, अगदी शेवटचा धूसर अंशसुद्धा मला दिसत होता, आणि मी "गेलं" म्हणाले की यंत्रवाला खाली मान घालून आकडा लिहायचा, मला न सांगता. डाव्याच्या कुप्यांनी मात्र माझा जीव घेतला. आता मला ठाऊक होतं की पाणी नितळ दिसतंय तेव्हा त्यात अजून निळं आहे. आणखी एक थेंब सोडला असता, फक्त एक, तर दोन्ही डोळ्यांचे आकडे सारखे आले असते, रेघ शाबूत राहिली असती, आणि कुणालाही, अगदी मागे उभ्या असलेल्या माणसालाही, काही कळलं नसतं. बोटं नळीच्या तोटीवर होती. सरांचा आवाज ऐकू येत होता, पोरी तुझा डोळा चांगला आहे. मी मनातल्या मनात त्या डाव्या डोळ्याला म्हणाले, बाबा रे, तू म्हातारा झालायस, यात तुझी काही चूक नाही, तुला जे दिसतं तेवढंच सांग. त्यानं सांगितलं. मी तोटी बंद केली. "गेलं." पुढची कुपी. "गेलं." यंत्रवाला लिहीत होता. त्याच्या श्वासावरून काही कळतंय का म्हणून मी कान देत होते, आणि तो मुद्दाम अगदी सावकाश श्वास घेत होता.

शेवटची कुपी झाली. त्यानं हिशेब केला, मग पुन्हा केला, मग कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "सांग," मी म्हणाले. कागद मीच सरळ केला. दोन्ही डोळ्यांत फरक होता, प्रत्येक कुपीत, एकाच बाजूला. माझी रेघ जितकी खाली उतरली होती त्यातला साधारण एक तृतीयांश माझ्या डोळ्याचा निघत होता. उरलेली दोन तृतीयांश उतरण खरी होती. आणि त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती त्याच्या यंत्राच्या रेघेला जवळजवळ टेकते. यंत्रवाला जमिनीकडे बघत होता, कुणी गेलेल्या घरी आल्यासारखा. "बाई," तो हळूच म्हणाला, "हे आपण तिघांतच..." "उद्या सगळ्यांना कळवायचं," मी म्हणाले. "माझ्या नावानं. आणि यापुढे जो समुद्र मोजेल त्यानंच कोरं मोजायचं, टाळ्या नंतर वाजवा." माझा आवाज मला परका वाटला, कारण तो पडलेला नव्हता. मी पुन्हा कागद बघितला. एक तृतीयांश. मी सभागृहांतून, वर्गांतून, रात्रंदिवस ज्याच्या श्वासाचा हिशेब रडत सांगत होते, त्याच्याकडे माझ्या हिशेबापेक्षा जास्त श्वास होता. माझ्या म्हातारपणाचं खापर मी त्याच्या डोक्यावर फोडत आले होते. तो आजारी होताच, पण मी सांगत होते तेवढा नाही. त्या काठावर, त्या अंधारात, ते काचेच्या अंगाचे लोक आत्ता या क्षणी माझ्या रेघेच्या खाली, जिथे मी त्यांना केव्हाच संपवून बसले होते, तिथे श्वास घेत होते. मला हसू यायला लागलं, आधी पोटातून, मग खांदे हलायला लागले.

नवऱ्याचा तळहात अजून माझ्या उजव्या डोळ्यावरच होता. काढायला कुणी सांगितलंच नव्हतं. तो माझ्या कानाशी वाकला. "अगं, मला यातलं फारसं कळलं नाही," तो कुजबुजला. "आता वाईट वाटून घ्यायचं की आनंद करायचा, तेवढं फक्त सांग. म्हणजे मी तसं करतो." मी डाव्या डोळ्यानं त्या कागदाकडे बघत होते. "आनंद कर रे," मी म्हणाले, आणि त्याच्या तळहाताखाली मला रडू फुटलं.